एका दिवसात हजार ते सोळाशे किलोमीटर : दुचाकीवर लांब पल्ल्याला निघण्याआधी काय तयारी करावी

वसई-विरार : वसई आरटीओच्या गाड्यांच्या पाटीवर 'एमएच ४८' असतं आणि तालुक्याच्या पूर्वेकडून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा क्रमांकही ४८ च आहे. हा योगायोग असला तरी इथल्या पोरांना या रस्त्याची ओढ जुनीच. दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की शिरसाड फाट्यावर पहाटे जॅकेट-हेल्मेट घातलेले दुचाकीस्वार दिसू लागतात. कुणी सुरतला जाऊन परत येतो, कुणी उदयपूरचं नाव काढतो. अलीकडे तर 'चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर' हे शब्द गावोगावच्या पोरांच्या तोंडी आले आहेत.

हे सोळाशे किलोमीटर नेमके कशासाठी, ते कुणाला जमतात, आपल्या दीडशे सीसीच्या गाडीवर जमतील का, आणि निघायचंच असेल तर गाडी, शरीर, कागदपत्रं आणि घरचे यांची तयारी कशी करायची, याची माहिती इथे दिली आहे.

हा प्रकार काय आहे

अमेरिकेत 'आयर्न बट असोसिएशन' नावाची लांब पल्ल्याच्या दुचाकीस्वारांची संघटना आहे. १९८४ साली झालेल्या 'आयर्न बट रॅली'पासून हे नाव पुढे आलं. या संघटनेचं सर्वात पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र म्हणजे 'सॅडलसोर १०००'. चोवीस तासांच्या आत एक हजार मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर दुचाकी चालवायची आणि त्याचा पुरावा सादर करायचा. याच्या पुढची पायरी 'बन बर्नर १५००', म्हणजे ३६ तासांत १५०० मैल. जगभरातले, त्यात भारतातलेही अनेक दुचाकीस्वार हे प्रमाणपत्र मिळवतात.

ही शर्यत नाही. कुणी पहिला येत नाही, कुणी दुसरा येत नाही. वेगात चालवण्याला इथे काही किंमत नाही. थांबे किती कमी वेळात उरकले, झोप आधी किती घेतली, टाकी कुठे भरली, यावर सगळं अवलंबून असतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हे शंकरपट नव्हे, ही दिवसभराची नांगरट आहे. बैल पहिल्या दोन तासांत पळवला तर दुपारी तो खाली बसतो.

आधी कागदावर गणित करा

१६०९ ला २४ ने भागलं की ६७ येतात. म्हणजे पेट्रोल भरणे, लघवी, जेवण, ट्रॅफिक हे सगळं धरून ताशी सरासरी ६७ किलोमीटर पडले पाहिजेत.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, इतर रस्त्यांवर ६०. कुठे याहून कमी वेगाचा फलक असेल तर तो पाळायचा. आता काट्यावर ८० धरून चालवणाऱ्या माणसाची चालतानाची सरासरी ८० पडत नाही. फाटे, गावं, ट्रकची रांग, खराब पट्टे धरून ती ७०-७२ वर येते. ७२ ने १६०९ किलोमीटर कापायला २२ तास २० मिनिटं लागतात. उरले फक्त १०० मिनिटं. त्यात सहा वेळा पेट्रोल, दोन जेवणं आणि बाकी सगळं बसवायचं. झोपेला एक मिनिटही राहत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. आपल्या रस्त्यांवर, वेगमर्यादा पाळून, १०० ते १६० सीसीच्या गाडीवर पहिल्याच फटक्यात सोळाशेच्या मागे लागणं म्हणजे एक तर कायदा मोडणं, नाही तर झोप मोडणं. दोन्हींचा शेवट एकच होऊ शकतो.

त्याऐवजी एका दिवसात १००० किलोमीटर हे लक्ष्य ठेवलं तर ६५ च्या सरासरीने साधारण साडेपंधरा तास चालवणं होतं आणि साडेआठ तास हातात राहतात. त्यात जेवण, विश्रांती आणि डुलकी सगळं बसतं. प्रमाणपत्र नाही मिळत, पण अंगातली ताकद कळते. हजार किलोमीटर तीन-चार वेळा त्रास न होता झाले की मगच सोळाशेचा विचार करावा.

रस्ता कोणता धरावा

वसई-विरारकरांना उत्तरेकडचा रस्ता सोपा पडतो. दक्षिणेला जायचं तर आधी घोडबंदर-ठाण्याची कोंडी, मग घाट. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने जुन्या रस्त्याने जावं लागतं.

उत्तरेकडे शिरसाड फाट्यापासूनची अंतरं साधारण अशी आहेत. सुरतजवळचे कामरेज २३० किलोमीटर, वडोदरा ३६०, अहमदाबाद ४७५, उदयपूर ७३०. नेमका आकडा आपल्या गावापासून मोबाईलच्या नकाशावर पाहून घ्यावा. सोळाशे करायचे असतील तर उदयपूरच्या पुढे नाथद्वारा, राजसमंद ओलांडून थोडं पुढे जाऊन परतावं लागतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वडोदरा-अहमदाबाद द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग आणि आपल्याकडचा समृद्धी महामार्ग यांवरही चालत नाही. नकाशा मात्र मोटारीचा रस्ता दाखवतो आणि पोरं थेट नाक्यावर जाऊन अडतात. त्यामुळे नकाशात दुचाकीचा पर्याय निवडावा आणि वडोदऱ्याहून आणंद, नडियाद, खेडा असा जुना रस्ता धरावा. हा पट्टा हळू जातो, तेवढा वेळ आधीच धरून ठेवावा.

दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ बरा. पावसाळ्यात हा विषय काढूच नये. डिसेंबर-जानेवारीत उत्तर गुजरात आणि राजस्थानात पहाटे धुकं असतं. आणि १४ जानेवारीच्या उत्तरायणाच्या आगेमागे आठवडाभर गुजरातेत दुचाकीवर जाऊ नये. रस्त्यावर आडवा आलेला पतंगाचा मांजा गळा कापतो. इतर दिवशीही गळ्याभोवती जाड पट्टा किंवा जॅकेटची उंच कॉलर असावी.

आपल्याच जिल्ह्यातले शंभर किलोमीटर

लांबच्या रस्त्याची भीती सगळ्यांना असते, घराजवळच्या रस्त्याची नसते. पण या प्रवासातला अवघड भाग आपल्याच दारात आहे. वालीव, पेल्हार, नालासोपारा फाटा, विरार फाटा इथे कारखान्यांची आणि रिक्षांची गर्दी, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी, पहाटे कामावर निघालेले पायी कामगार. पुढे मनोरचा मस्तान नाका, मेंढवण खिंड, चारोटी नाका, तलासरी. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला तो चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावरच.

घोडबंदर ते अच्छाड या पट्ट्यात डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचं काम झालं. अशा रस्त्यावर दोन मार्गिकांच्या पातळीत फरक राहिला असेल तर मोटारीला काही होत नाही, पण दुचाकीचं पुढचं चाक त्या कडेला तिरकं लागलं की गाडी जाते. मार्गिका बदलताना वेग कमी करून, कडेला शक्य तेवढं सरळ कापून ओलांडावं.

जाताना हा पट्टा ताज्या अंगाने पार होतो. येताना मात्र हाच पट्टा मध्यरात्री, थकलेल्या डोळ्यांनी, 'आता काय, घर आलंच' या विचाराने पार होतो. खरा धोका तेव्हा असतो.

सराव तीन पायऱ्यांत

पहिली पायरी : कामरेजला जाऊन परत, साधारण ४६० किलोमीटर. यात गाडीचा आवाज, सीटचा त्रास, मनगट, पाठ यांची खरी अवस्था कळते.

दुसरी पायरी : तीन-चार आठवड्यांनी वडोदऱ्याला जाऊन परत, साधारण ७२० किलोमीटर. यात थांब्यांची सवय लागते. पेट्रोलच्या थांब्याला १५ मिनिटांपेक्षा जास्त का लागतात, हे कळतं. बहुतेक वेळ मोबाईल पाहण्यात जातो.

तिसरी पायरी : अहमदाबाद ओलांडून हिंमतनगरच्या रस्त्याला चिलोड्यापर्यंत जाऊन परत, साधारण १००० किलोमीटर.

एका पायरीवर पाठ धरली, हात बधिर झाले, डोळे मिटू लागले तर पुढची पायरी चढू नये. तीच पुन्हा करावी.

गाडीची तयारी

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नये. पंधरा दिवस आधी करावं आणि त्यानंतर ३००-४०० किलोमीटर रोजच्या वापरात चालवावी. गॅरेजवाल्याचा एखादा नट सैल राहिला असेल तर तो गावात कळलेला बरा, नर्मदेच्या पुलावर नको.

टायर : खाचांमधल्या खुणेपर्यंत झिजला असेल तर बदलावा. बाजूला चिरा असतील तर खाचा शिल्लक असल्या तरी बदलावा. हवा पहाटे, टायर थंड असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. वाटेत गरम टायरची हवा काढू नये.

चेन : साफ करून तेल लावलेली, ढील कंपनीने सांगितली तेवढीच. साधारण दर ५०० किलोमीटरला पुन्हा तेल. घट्ट चेन तुटते, सैल चेन उतरते.

ब्रेक : पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर नवीन टाकावेत. ब्रेक ऑइलची पातळी पाहावी.

ऑइल, एअर फिल्टर, प्लग : तिन्ही एकदम पाहून घ्यावं. क्लच आणि अ‍ॅक्सिलेटरच्या केबलचे धागे तुटायला लागले असतील तर केबल बदलावी.

दिवे : हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही असा लावावा. मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा दोन्ही लागतात का ते दुसऱ्या माणसाला उभं करून पाहावं. मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसलो पाहिजे.

पेट्रोल : आपली गाडी टाकीत किती जाते ते सरावात मोजावं. १२ लिटरची टाकी आणि ४५ चं अ‍ॅव्हरेज असेल तर हिशेबाने ५४० किलोमीटर जाते. पण रिझर्व्हवर येईपर्यंत थांबू नये. अडीचशे ते तीनशे किलोमीटरला भरावं. त्या निमित्ताने माणूसही खाली उतरतो.

निघायच्या आठवड्यात नवीन हँडल, नवीन सीट, जादा दिवे असं काहीही बसवू नये. नवी वायर वाटेतच जळते.

सोबत काय घ्यावं

ट्यूबलेस पंक्चरची पिशवी आणि हवेचा छोटा पंप, गाडीची पानं, स्पेअर फ्यूज, क्लच केबल, थोडी वायर आणि चिकटपट्टी. टॉर्च. बँडेज, जखमेचं औषध, ओआरएसच्या पुड्या. एका कागदावर रक्तगट, चालू असलेली औषधं आणि घरच्या दोन माणसांचे नंबर लिहून तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावा. मोबाईल लॉक असतो, कागद लॉक नसतो.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, पूर्ण तोंड झाकणारं, पट्टा लावलेलं. काच पारदर्शक. काळी काच दिवसा बरी वाटते, रात्री आंधळं करते. जॅकेटवर चमकणारे पट्टे, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. आतले कपडे शिवण न टोचणारे असावेत. आठ तासांनी माणूस रस्त्याने नाही, शिवणीने हैराण होतो.

सामान पाठीवर घेऊ नये. मागच्या सीटवर बांधावं. आणि मागे माणूस बसवू नये. चालवणाऱ्याला निदान हँडलचा आधार असतो, मागच्याला झोप लागली तर त्याला कुणाचाच आधार नसतो.

झोप : सगळ्यात मोठं पेट्रोल

सतत १७ तास जागा असलेला माणूस रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा वागतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे थेंबही न घेता, नुसतं जागं राहून माणूस त्या मर्यादेच्या पलीकडे जातो. फरक इतकाच की पोलिसाच्या यंत्रात हे दिसत नाही.

ताशी ८० वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळपास ९० मीटर गाडी कुणी चालवतच नसतं. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप झोप मागतं. त्यावर मनाचा जोर चालत नाही. गाणी ऐकणं, तोंडावर पाणी मारणं, काच उघडी ठेवणं यांनी पाच-दहा मिनिटं मिळतात, त्याहून जास्त नाही.

खरा उपाय एकच, झोपणे. निघण्याआधीच्या तीन रात्री पूर्ण झोप घ्यावी. भातकापणी, झोडणी, लग्नघर, बंदरावरचं काम, रात्रपाळी यातून उठून थेट निघू नये. वाटेत डोळे जड झाले, मागचे दोन किलोमीटर आठवेनासे झाले, गाडी आपोआप पांढऱ्या पट्टीकडे जाऊ लागली, की पुढच्या पंपावर किंवा ढाब्यावर थांबावं आणि २० मिनिटं पडावं. आधी एक कप चहा-कॉफी घेऊन मग पडलं तर उठेपर्यंत तिचा परिणाम सुरू होतो. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, ट्रकच्या मागे झोपू नये.

सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्या-औषधांनी झोप येते. सर्दी असेल तर जाणंच पुढे ढकलावं.

खाणं-पिणं

सकाळी वडापाव, दुपारी थाळी, वर ताक असं झालं की तासाभरात झोप आलीच. थोडं-थोडं, दोन-अडीच तासांनी खावं. केळी, खजूर, चिक्की, भाजलेले शेंगदाणे, चपातीची गुंडाळी. वसईच्या घरात सुकेळी असतीलच. राजेळी केळ्याची ही सुकेळी खिशात मावतात, खराब होत नाहीत आणि पटकन ताकद देतात.

पाणी दर थांब्याला प्यावं. थांबायला लागू नये म्हणून पाणी टाळणारे बरेच आहेत. थंडीतही वाऱ्याने शरीर सुकतं, डोकं दुखतं, लक्ष उडतं. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं असं समजावं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

दारू आदल्या रात्रीही नको. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, सामानात बाटली असेल तर अच्छाडच्या पुढे प्रवास संपलाच.

हजार किलोमीटरचा दिवस असा आखावा

पहाटे ३ ला उठणे, ४ ला शिरसाड फाटा. वाटेत एक छोटा थांबा घेऊन साडेसातला कामरेज. अर्धा तास नाश्ता, पेट्रोल. सव्वादहाच्या सुमारास वडोदरा. २० मिनिटं. आणंद-नडियादवरून सव्वाएकला चिलोडा. इथे दीड तास पूर्ण विश्रांती, त्यात पाऊण तास झोप. पावणेतीनला परत. साडेपाचला वडोदरा, अर्धा तास. रात्री सव्वाआठला पुन्हा कामरेज.

इथे नीट पाहावं. पहाटे ३ ला उठलेल्या माणसाला रात्री ८ ला बरोबर १७ तास होतात. आणि समोर २३० किलोमीटरचा रात्रीचा, ट्रकांनी भरलेला रस्ता उरतो. बहुतेक जण इथेच म्हणतात, 'चल, साडेतीन तासांचाच तर प्रश्न आहे.'

इथेच झोपायचं. साधी खोली घ्यावी, जेवून अकरापर्यंत झोपावं. अकराला निघालं तरी तीनच्या आत शिरसाड फाटा येतो आणि चोवीस तासांपैकी एक तास शिल्लक राहतो. आणि अकराला उठून अंग जड वाटलं, तर सकाळपर्यंत झोपावं. हजाराचा आकडा हुकेल. रस्ता पुढच्या महिन्यातही तिथेच असतो.

पुरावा कसा ठेवावा

दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही, त्यामुळे टोलची नोंद पुरावा म्हणून मिळत नाही. प्रमाणपत्रासाठी पेट्रोलची छापील बिलं हाच मुख्य आधार. पहिल्या बिलाच्या वेळेपासून घड्याळ सुरू होतं आणि शेवटच्या बिलाला थांबतं. जिथून परत फिरलो तिथलं बिल नक्की घ्यावं, नाही तर तिथपर्यंत गेलो हे सिद्ध होत नाही. सुरुवातीला आणि शेवटी साक्षीदाराची सही घेऊन ठेवावी.

आपल्याकडे अडचण अशी की पंपावर बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मिळालं तर त्यावरची वेळ चुकीची असते. पंप सोडण्याआधी बिलावर गाव, तारीख, वेळ पाहावी. मीटर आणि बिल एकाच फोटोत घ्यावं. यूपीआयच्या मेसेजमध्ये वेळ येते, पण गाव येईलच असं नाही. कागदावरची शाईही गरमीने उडते, म्हणून फोटो हवाच.

गाडीचं मीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं. अंतर नकाशावर तपासलं जातं. म्हणून ३०-४० किलोमीटर जास्त धरूनच रस्ता आखावा.

कायदा आणि विमा

लायसन्स, आरसी, पीयूसी आणि विमा चारही चालू हवेत. मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. हेल्मेट नसेल तर १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे दोन-चार मित्र निघाले तरी 'कोण आधी पोहोचतो' हा प्रकार नको.

विम्याची एक बारीक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि वाहनाचा कस पाहणाऱ्या स्पर्धा यांना संरक्षण नसतं. एकट्याचा साधा प्रवास त्यात येत नाही, पण बॅनर लावून, नंबर टाकून कार्यक्रम केला तर भरपाई देताना कंपनी प्रश्न विचारू शकते. अशा कार्यक्रमात नाव देण्याआधी पॉलिसी वाचून घ्यावी.

दुसरी गोष्ट मागून आणलेल्या गाडीची. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच लागू होतो. मित्राची बुलेट घेऊन निघालेल्याला त्या विम्याचा आधार नाही. घरात कमावता एकटाच असेल तर आधी वेगळा अपघात विमा काढावा, मग गाडी काढावी.

घरच्यांशी आधी बोलावं

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. आई, बायको 'जाऊ नको' म्हणते ती या आकड्यामुळे नाही, पण तिची भीती खोटीही नाही. म्हणून चोरून, 'सुरतला काम आहे' असं सांगून निघू नये. काही झालं तर शोधायचं कुठे, हेही घरच्यांना कळत नाही.

रस्ता, थांबे आणि वेळा कागदावर लिहून घरी द्याव्यात. मोबाईलवर लोकेशन चालू ठेवावं. चालवताना फोन घ्यायचा नाही, प्रत्येक पेट्रोलच्या थांब्यावर एक फोन करायचा. ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास उलटले आणि फोन लागला नाही तर घरच्यांनी काय करायचं, तेही आधी ठरवावं. आणि एक शब्द आधीच देऊन ठेवावा, फोनवर आवाज थकलेला वाटला आणि घरचे 'थांब' म्हणाले, तर थांबायचं. स्वतःची थकवट स्वतःला सगळ्यात उशिरा कळते.

अडचण आली तर

११२ : पोलीस आणि सर्व तातडीची मदत.
१०८ : रुग्णवाहिका. महाराष्ट्रात आणि गुजरातेतही हाच नंबर.
१०३३ : राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी. गाडी बंद पडली, रस्त्यावर जनावर किंवा अडथळा असेल तरीही.

नंबर लावल्यावर जागा सांगता आली पाहिजे. दुभाजकाजवळ किंवा कडेला किलोमीटरचे दगड आणि पाट्या असतात, तो आकडा सांगावा. २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींना योजनेतील रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचाराची केंद्राची योजना लागू आहे. दाखल करताना त्याबद्दल विचारावं. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे वाटेत कुणी पडलेला दिसला तर आकडा बाजूला ठेवून थांबावं.

निघायच्या सकाळी शेवटचे पाच प्रश्न

१. गेल्या तीन रात्री पुरी झोप झाली का?
२. गाडीत या आठवड्यात काही नवीन बसवलं नाही ना?
३. रस्ता आणि वेळा लिहिलेला कागद घरी दिला का?
४. विमा आणि लायसन्सच्या तारखा पाहिल्या का?
५. परतताना कुठे झोपायचं, ती जागा ठरली का?

पाचपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर त्या दिवशी गाडी अंगणातच उभी ठेवावी. आणि पाचही 'हो' असतील, तर पहाटेच्या गारव्यात शिरसाड फाट्यावरून पहिलं बिल घेऊन निघावं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ बसून चहा पिताना ते बिल घरच्यांना दाखवता आलं, तर प्रवास पूर्ण झाला असं समजावं. मीटरवर आकडा कितीही असो.